बिबियन मेंटेल आणि पॅरा-स्नोबोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम पाय वापरणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी मी बरीच वर्षं खेळाविषयी बोलत आले आहे. मी स्वतः गुडघ्याखाली कृत्रिम पाय वापरते. बोलण्यात डच स्नोबोर्डर बिबियन मेंटेल यांचं नाव निघालं, की पुढचे कितीतरी दिवस प्रश्न येत राहतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तीच माहिती दोनदा यायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. बिबियन मेंटेल कोण होत्या? थोडक्यात सांगाल का?

नेदरलँड्सच्या स्नोबोर्डर, म्हणजे एकाच फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येणाऱ्या खेळाडू. जन्म उत्रेख्त शहरात, २७ सप्टेंबर १९७२ रोजी. निधन २९ मार्च २०२१ रोजी. एक पाय गुडघ्याखाली नसताना त्यांनी हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. पहिलं सोची २०१४ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी. पुढची दोन प्योंगचांग २०१८ मध्ये, ४५व्या वर्षी. ही झाली पदकांची नोंद. पदकांआधी त्यांनी जे काम केलं ते मला जास्त मोठं वाटतं, त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. कुठे ‘मेंटेल’ लिहिलेलं असतं, कुठे ‘मेंटेल-स्पे’. एकच व्यक्ती का?

हो, एकच. पती एडविन स्पे यांचं आडनाव जोडून त्या काही वर्षं मेंटेल-स्पे या नावाने खेळल्या. दोन्ही पॅरालिम्पिकच्या निकालांत बहुतेक ठिकाणी हेच जोडनाव दिसतं.

३. त्यांना ‘लिंब डेफिशियन्सी’ होती असं वाचलं. पण त्यांचा पाय तर नंतर काढला. मग हा शब्द बरोबर आहे का?

बरोबर आहे. हा गोंधळ खूप जणांचा होतो. पॅरा-खेळांच्या नियमांत ‘लिंब डेफिशियन्सी’ म्हणजे हाताचा किंवा पायाचा काही भाग नसणं, मग तो जन्मापासून नसो, अपघातात गेलेला असो किंवा आजारामुळे काढावा लागलेला असो. कारण कोणतंही असलं तरी खेळाडू याच सदरात मोजला जातो. जन्मतः एक हात अपुरा असलेले अमेरिकेचे माइक मायनर आणि कर्करोगामुळे पाय गमावलेल्या मेंटेल हे दोघंही याच सदरातले.

पॅरा-स्नोबोर्डमध्ये इतरही काही शारीरिक मर्यादा असलेले खेळाडू असतात. स्नायूंची ताकद कमी असणं, सांधा पूर्ण न वळणं, दोन पायांच्या लांबीत फरक, स्नायूंचा ताठरपणा किंवा तोल साधण्यातला दोष अशा मर्यादा त्यात धरल्या जातात. दृष्टिहीन खेळाडूंसाठी मात्र पॅरालिम्पिकमध्ये स्नोबोर्डचा गट नाही. कोणाला कोणत्या गटात घालतात ते प्रश्न ११ मध्ये.

४. पाय बर्फावरच्या अपघातात गेला का?

नाही, पण आजार उघड झाला तो एका दुखापतीमुळे. मेंटेल तेव्हा धडधाकट खेळाडूंच्या स्पर्धांत खेळत होत्या, अनेकदा नेदरलँड्सच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या आणि २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिककडे डोळे लावून होत्या. घोटा दुखावला म्हणून तपासणी झाली. त्यात घोट्याच्या वर, नडगीच्या हाडात गाठ असल्याचं दिसलं आणि ती कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया करून ती काढली, पण ती परत आली. शेवटी २००१ मध्ये गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

ऑलिम्पिक तेव्हा जेमतेम वर्षभरावर आलं होतं. एखाद्या खेळाडूच्या आयुष्यात याहून वाईट वेळ कुठली असेल?

५. पाय काढल्यावर त्या परत बोर्डवर कधी उभ्या राहिल्या? धडधाकट खेळाडूंना हरवलं हे खरं का?

खरं आहे. काही महिन्यांतच त्या कृत्रिम पाय घालून पुन्हा स्नोबोर्डवर होत्या. जानेवारी २००२ मध्ये त्यांनी स्नोबोर्ड क्रॉस प्रकारात (तो काय असतो ते प्रश्न १० मध्ये) नेदरलँड्सचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही दोन्ही पाय असलेल्या खेळाडूंशी खेळून.

याला लोक ‘चमत्कार’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण त्याने त्यांची मेहनत झाकली जाते. पाय काढण्याआधीची कित्येक वर्षं त्या या खेळात मुरलेल्या होत्या. बर्फाचा उतार कुठे बोर्डला धरतो आणि कुठे सोडतो, उडीनंतर वजन कुठे टाकायचं, हे सगळं अंगात भिनलेलं होतं. पाय गेला तरी हे ज्ञान जात नाही. नव्याने शिकायचं होतं ते एवढंच, की जो पाय काही जाणवून देत नाही त्याच्यावर हे सगळं कसं करायचं. ‘एवढंच’ लिहिताना मला माझे पहिले सहा महिने आठवतात. सपाट फरशीवर, भिंतीला हात लावून.

६. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत. मग तिथे स्नोबोर्डर तयार कसे होतात?

देश सपाट आहे, पण बंदिस्त बर्फाच्या उतारांची सोय आहे. मोठ्या सभागृहासारख्या इमारतीत उतार बांधतात, तापमान शून्याखाली ठेवतात आणि यंत्राने बर्फ तयार करतात. देशाच्या दक्षिणेकडच्या लांडग्राफमध्ये अशा बंदिस्त उतारावर पॅरा-स्नोबोर्डच्या विश्वचषक स्पर्धाही झाल्या आहेत. खऱ्या डोंगराचा सराव मात्र आल्प्समध्ये किंवा आणखी लांब जाऊनच होतो.

७. कृत्रिम पायाने स्नोबोर्ड चालवतात तरी कसा? रोजचाच पाय चालतो का?

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागतो. स्नोबोर्डवर खेळाडू आडवा उभा राहतो आणि दोन्ही पाय बोर्डला पट्ट्यांनी आवळलेले असतात. बोर्ड वळतो तो कडांवर. पंजांकडे वजन टाकलं की एक कड बर्फात रुतते, टाचांकडे टाकलं की दुसरी. पंजाच्या कडेवर जायचं तर नडगी पुढे झुकायला हवी, म्हणजेच घोटा वाकायला हवा. रोजच्या वापराचे बहुतेक कृत्रिम पाय घोट्यात फारसे वाकत नाहीत. चालताना ते ठीक असतं, पण उतारावर त्यामुळे शरीर टाचेकडे ढकललं जातं. म्हणून खेळासाठी वेगळा पाय लागतो आणि त्याच्या घोट्यात धक्का शोषणारी, दाबता येणारी यंत्रणा बसवलेली असते.

गुडघा स्वतःचा असेल तर बरीच कामं तो सांभाळून घेतो. मेंटेल यांचा गुडघा शाबूत होता. गुडघ्यावरून पाय गेलेल्याला वाकणं, झेलणं, सावरणं हे सगळं यंत्राकडून करून घ्यावं लागतं. या बाबतीत अमेरिकेच्या माइक शुल्ट्झ यांचं काम पाहण्यासारखं आहे. स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीच्या, शर्यतीत २००८ मध्ये ते जखमी झाले आणि त्यांचा पाय गुडघ्यावरून काढावा लागला. त्यांनी धक्के शोषणारा गुडघा आणि पाऊल स्वतः तयार केलं आणि बायोडॅप्ट नावाची कंपनी काढली. प्योंगचांगला स्नोबोर्ड क्रॉसचं सुवर्ण त्यांनी जिंकलं. ज्यांच्याशी ते शर्यत लावत त्यांच्यातले काही जण त्यांनीच बनवलेले भाग वापरत. ही गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते.

काही बारीक गोष्टी बातम्यांत येत नाहीत, पण वापरणाऱ्याला लगेच कळतील. न वाकणाऱ्या पावलावर बूट चढवणं हे कष्टाचं काम असतं, म्हणून पुष्कळ खेळाडू खेळाच्या पायावर बूट कायमचा चढवून ठेवतात. दिवसभरात स्टंपचा, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाचा, घेर कमीजास्त होतो, मग तो भाग ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं आणि एखादा मोजा वाढवावा लागतो. रस्त्यावर सैल सॉकेट म्हणजे थोडी गैरसोय. वेगात उडी मारून उतरताना तेच सैल असलं तर पाय निसटू शकतो. शिवाय पडल्यावर स्कीसारखा स्नोबोर्ड पायातून आपोआप सुटत नाही, त्यामुळे बोर्डाचं सगळं वजन त्या सॉकेटवर ओढ देतं.

८. २००२ मध्ये एवढी मोठी जीत मिळवली, मग पॅरालिम्पिक पदकासाठी २०१४ पर्यंत का थांबावं लागलं?

कारण पॅरालिम्पिकमध्ये स्नोबोर्ड नव्हताच. हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ मध्ये स्वीडनच्या अर्नशोल्ड्सविक गावात सुरू झालं. ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड आला १९९८ साली, नागानोला. पण २००२, २००६, २०१० या तिन्ही वेळी पॅरालिम्पिकच्या यादीत स्नोबोर्डचं नाव नव्हतं. स्की करणाऱ्या अपंग खेळाडूंसाठी दार उघडं होतं, स्नोबोर्ड करणाऱ्यांसाठी नव्हतं.

कुठलाही खेळ तिथे न्यायचा तर ‘आम्ही खेळतो’ एवढं सांगून भागत नाही. पुरेशा देशांत पुरेसे खेळाडू लागतात, नियमित स्पर्धा लागतात, शर्यत न्याय्य व्हावी म्हणून गट पाडण्याचे नियम लागतात. खेळाडू म्हणतात आधी मैदान द्या, समिती म्हणते आधी खेळाडू दाखवा. ही कोंडी फोडायला वर्षं लागली. मेंटेल यांनी ती वर्षं यात घातली. शर्यती खेळायच्या, इतर देशांतल्या खेळाडूंना जोडत राहायचं आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीकडे पाठपुरावा करायचा. त्या एकट्या नव्हत्या. अमेरिकेत एमी पर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘अ‍ॅडॅप्टिव्ह अ‍ॅक्शन स्पोर्ट्स’ ही संस्था काढली होती आणि त्याही याच मागणीमागे होत्या. अखेर २०१२ मध्ये समितीने मान्यता दिली आणि सोचीच्या कार्यक्रमात स्नोबोर्ड क्रॉस आला.

याच काळात मेंटेल यांचा कर्करोग पुन्हा पुन्हा परतत होता, फुप्फुसांतही पोहोचला होता. शस्त्रक्रिया आणि उपचार संपले की त्या परत बर्फावर जात आणि परत त्या पाठपुराव्याला लागत. ज्या शर्यतीत आपण स्वतः उतरू की नाही याची खात्री नाही, ती शर्यत व्हावी म्हणून त्या झटत होत्या. मी त्यांच्याबद्दल बोलते ते मुख्यतः याच कारणासाठी.

९. सोचीमध्ये नक्की काय झालं?

उद्घाटनाला नेदरलँड्सचा झेंडा मेंटेल यांच्या हातात होता. १४ मार्च २०१४ रोजी स्नोबोर्ड क्रॉसची शर्यत झाली. प्रत्येक खेळाडू एकटा उतरायचा, घड्याळाविरुद्ध. तीन फेऱ्या, त्यांतल्या सर्वोत्तम दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज. मेंटेल पहिल्या आल्या, फ्रान्सच्या सेसिल हर्नांडेझ दुसऱ्या आणि एमी पर्डी तिसऱ्या. पुरुषांत तिन्ही पदकं अमेरिकेला गेली.

पायात मर्यादा असलेल्या सर्व महिलांना तेव्हा एकाच गटात ठेवलं होतं आणि हाताची मर्यादा असलेल्यांसाठी पदकाची शर्यतच नव्हती. कागदोपत्री स्नोबोर्ड हा वेगळा खेळसुद्धा नव्हता, अल्पाइन स्कीइंगचाच एक भाग म्हणून तो घेतला होता. स्वतंत्र खेळाचा दर्जा प्योंगचांगला मिळाला.

त्याच स्पर्धेत मेंटेल यांना ‘ह्वांग युन-दाए’ पुरस्कारही मिळाला. पोलिओ झालेल्या कोरियन डॉक्टरांच्या नावाचा हा सन्मान १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकपासून दिला जात होता. त्यासाठी पदक किंवा वेळ पाहत नसत, खेळाडूची वृत्ती पाहत.

१०. स्नोबोर्ड क्रॉस आणि बँक्ड स्लॅलम यांत फरक काय?

स्नोबोर्ड क्रॉसच्या मार्गावर उड्या, उंचवटे, लाटांसारखे चढउतार आणि वळणं असतात. प्योंगचांगला त्यात दोन खेळाडू एकाच वेळी सोडत आणि जो आधी पोहोचेल तो पुढच्या फेरीत जाई. बँक्ड स्लॅलममध्ये खेळाडू एकटाच असतो. घाटातल्या वळणांसारखी एकामागून एक वळणं असतात आणि प्रत्येक वळणाची बाहेरची बाजू बर्फाची भिंत करून उचललेली असते. त्या भिंतीवर चढून वेग न घालवता खाली यायचं असतं. पहिल्या प्रकारात शेजारी कुणी असताना डोकं शांत ठेवणं महत्त्वाचं, दुसऱ्यात कडेवरची पकड. मेंटेल यांनी २०१८ मध्ये दोन्ही जिंकले.

११. गट कसे पाडतात? एमी पर्डींचे दोन्ही पाय गेले आहेत, मेंटेल यांचा एक. तरी सोचीला दोघी एकाच गटात कशा?

तीन गट आहेत. एसबी-एलएल१ मध्ये पायाची जास्त मर्यादा असलेले खेळाडू येतात, उदाहरणार्थ पाय गुडघ्यावरून गेलेला असणं. एसबी-एलएल२ मध्ये त्याहून कमी मर्यादा, उदाहरणार्थ गुडघ्याखाली पाय नसणं. एसबी-यूएल हा हाताची मर्यादा असलेल्यांचा गट.

गट ठरवताना किती पाय गेले हे मोजत नाहीत, त्या मर्यादेमुळे बोर्ड चालवण्यात किती अडथळा येतो हे बघतात. पर्डी यांचे दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले आहेत, पण दोन्ही गुडघे त्यांचे स्वतःचे आहेत. सोचीला पायात मर्यादा असलेल्या सगळ्या महिला एकाच गटात होत्या, म्हणून त्या आणि मेंटेल एकत्र खेळल्या. प्योंगचांगला मात्र पर्डी एलएल१ मध्ये होत्या आणि मेंटेल एलएल२ मध्ये. दोन घोटे नसणं आणि एक नसणं सारखंच आहे का, असं लोक मला विचारतात. माझं प्रामाणिक मत: सारखं नाही. पण महिला खेळाडूंची संख्या कमी असताना आणखी बारीक गट पाडले तर शर्यतच उभी राहत नाही. त्याचा त्रास कुणाला झाला ते प्रश्न १४ मध्ये वाचा.

१२. धडधाकट खेळाडूंमध्ये जिंकलेल्या व्यक्तीने पॅरालिम्पिकमध्ये उतरणं अन्याय नाही का?

हा प्रश्न जरा रागाने येतो, म्हणून सरळ उत्तर देते. अन्याय नाही. पॅरालिम्पिकची पात्रता शारीरिक मर्यादेवर ठरते. खेळाडू आधी कुठे जिंकला यावरून ती रद्द होत नाही. सोचीच्या वेळी त्या २००२ मधल्या विजेतेपदाला बारा वर्षं झाली होती आणि मधल्या काळात किती आजारपणं गेली ते वर आलंच आहे. जिच्याकडे कौशल्य आहे तिने कमी चांगलं खेळावं, ही अपेक्षा आपण फक्त अपंग खेळाडूंकडून करतो.

१३. २०१८ च्या पदकांआधी शस्त्रक्रिया झाली होती म्हणतात. किती आधी? आणि कर्करोग नक्की किती वेळा झाला?

शस्त्रक्रिया जानेवारी २०१८ मध्ये झाली, म्हणजे स्पर्धेच्या दोन महिने आधी. मानेच्या मणक्याशी गाठ होती. ती काढून मणक्याला टायटॅनियमचा आधार बसवावा लागला. १२ मार्चला त्यांनी स्नोबोर्ड क्रॉस जिंकला आणि १६ मार्चला बँक्ड स्लॅलम. मानेत धातू बसवल्यानंतर उड्यांच्या मार्गावर उतरायचं, हे वाचताना आजही माझा श्वास अडकतो. तुमच्या घरात कोणावर अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर हे उदाहरण देऊन घाई करू नका. मेंटेल यांच्यामागे डॉक्टर होते, चमू होता आणि पंचवीसेक वर्षांचा अनुभव होता.

आकड्याबद्दल: २०१८ च्या बातम्यांत ‘नऊ वेळा’ असं आलं होतं. त्यानंतरही आजार परतला, म्हणून नंतरच्या मजकुरात मोठे आकडे दिसतात. कुणी पहिली गाठ धरून मोजतं, कुणी फक्त परतलेल्या.

१४. पाय गुडघ्यावरून गेलेल्या महिलांना या खेळात जागा आहे का?

आहे, पण ती कोर्टातून मिळवावी लागली. अमेरिकेच्या ब्रेना हकबी आधी जिम्नॅस्ट होत्या. हाडाच्या कर्करोगामुळे चौदाव्या वर्षी त्यांचा पाय गुडघ्यावरून काढावा लागला. प्योंगचांगला एलएल१ गटातली दोन्ही सुवर्णपदकं त्यांनी जिंकली. बीजिंग २०२२ साठी मात्र खेळाडू पुरेशा नाहीत म्हणून महिलांचा एलएल१ गटच वगळला गेला. हकबी म्हणाल्या, मग मला कमी मर्यादेच्या एलएल२ गटात खेळू द्या. त्यालाही आधी नकार आला. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, त्यामुळे प्रकरण जर्मन न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. फ्रान्सच्या सेसिल हर्नांडेझ याही अशाच अडकल्या होत्या, त्यांनाही खेळता आलं.

पुढे जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जास्त मर्यादा असलेल्या या दोघींनी एलएल२ मधली दोन्ही सुवर्णपदकं नेली: हर्नांडेझ यांनी स्नोबोर्ड क्रॉसचं, हकबी यांनी बँक्ड स्लॅलमचं. हे पाहायला मेंटेल नव्हत्या. प्रश्न ८ मधली कोंडी अजून पूर्ण फुटलेली नाही, हे मात्र यातून दिसतं.

१५. मेंटेलिटी फाउंडेशन काय करतं?

मेंटेल यांनी २०१२ मध्ये ही संस्था सुरू केली. अपंग मुलांना आणि तरुणांना खेळाकडे आणायचं हा तिचा उद्देश. ‘मेंटेलिटी गेम्स’ नावाने मुलांना बर्फावर खेळ करून पाहता येतील असे दिवसही तिने भरवले. आडनाव आणि मनोवृत्ती यांची सांगड घालणारं हे नाव त्यांना शोभून दिसतं.

१६. शेवटची वर्षं कशी गेली?

प्योंगचांगनंतर त्यांनी स्पर्धा थांबवल्या. पुढे मणक्यातल्या गाठीवरच्या शस्त्रक्रियेनंतर अंशतः पक्षाघात झाला आणि त्या व्हीलचेअर वापरू लागल्या. मार्च २०२१ च्या सुरुवातीला आजार मेंदूत पसरल्याचं आणि आता उपचार उरले नसल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लूसद्रेख्त इथे त्यांचं निधन झालं. वय ४८.

१७. माझ्या मुलीचा एक पाय जन्मतः अपुरा आहे. तिला मेंटेल यांच्याबद्दल सांगू का? आपल्याकडे ना बर्फ ना बोर्ड.

जरूर सांगा, पण ‘बघ, ती किती शूर होती’ अशी सुरुवात नको. मुलांना त्यातून ‘तूही शूर हो’ असा हुकूम ऐकू येतो. बोर्ड कसा वळतो, घोटा कसा लागतो, शुल्ट्झ यांनी गुडघा कसा बनवला, इथून सुरू करा. मुलं स्वतःच्या पायाकडे नव्या नजरेने बघू लागतात आणि बारीकसारीक प्रश्न विचारतात.

बर्फ लागत नाही. तोल, गुडघ्यातून वाकणं, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर वजन नेणं हे पोहण्यात, सायकलीवर, स्केटबोर्डवरही शिकता येतं. आधी कृत्रिम पाय बसवणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा, की आत्ताचं सॉकेट धावण्या-उड्यांना चालेल का. वाढत्या वयात सॉकेट लवकर लहान पडतं. खेळून आल्यावर रोज स्टंपची त्वचा बघा. लाल खूण वीस-पंचवीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर दुसऱ्या दिवशी पाय घालण्याआधी कृत्रिम पायाच्या केंद्रात दाखवा. आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, आज मला पाय नकोय’, तर तो दिवस कुबड्यांवर जाऊ द्या.